तेजस्विनी आणि माना

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना मास्टर दीनानाथांचे स्त्रीवेषातील छायाचित्र दाखवले की वर्गात हशा पिकतो. अमरावतीत पिकतो, तसाच अकोल्यातही. त्याच विद्यार्थ्यांपैकी काहींच्या मोबाइलवर जपानी ‘व्हिज्युअल केई’ रॉक संगीतातील रंगवलेले, झालरदार झग्यांतले पुरुष दिसतात; त्यांना मात्र कोणी हसत नाही. ही विसंगती आम्हांला तपासावीशी वाटली.

‘एक्स जपान’ने रुजवलेल्या या प्रवाहाला नव्वदीच्या अखेरीस ‘मॅलिस मिझर’ने गॉथिक वळण दिले. १९९९मध्ये गायक गाक्त बाहेर पडला आणि ढोलवादक कामी निवर्तला. पुढच्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत ऑर्गन, समूहगान आणि काळा वेष यांतून जणू शोकच उभा राहिला. गिटारवादक माना स्त्रीवेषात वावरे आणि जाहीरपणे बोलतच नसे. या वेषामागे काबुकीतील ‘ओन्नागाता’ची दीर्घ परंपरा आहे. १६२९मध्ये स्त्रियांना काबुकीत बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषांकडेच राहिल्या.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्यसैनिक आणि नाटककार. त्यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. संगीत वझेबुवांचे आणि तेजस्विनी साकारली दीनानाथांनी. बालगंधर्वांचा स्त्रीवेष लावण्याचा आदर्श मानला गेला. तेजस्विनीचे सामर्थ्य निराळे होते. दीनानाथांची आक्रमक, झेपावणारी गायकी आणि पारतंत्र्याची चीड त्या वेषातून प्रकट होत होती. तिथे वेष हे निव्वळ स्त्रीचे अनुकरण नव्हते. उघडपणे बोलता न येणाऱ्या गोष्टीचे ते वाहन होते.

दोहोंत नाते जोडण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. मानाने वेष स्वेच्छेने निवडला. आपल्याकडे स्त्रियांना रंगमंच नाकारला गेल्यामुळे तो पुरुषांकडे आला. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, हे न्याय्यच झाले. परंतु वास्तववादाच्या त्या विजयाबरोबर वेषाची प्रतीकात्मक शक्तीही आपण अडगळीत टाकली आणि उरले ते हसू.

हे हसू निरुपद्रवी नसते. मागे एका युवा महोत्सवाच्या एकांकिकेत स्त्रीभूमिका करू पाहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने चेष्टेला कंटाळून नाव मागे घेतले. त्या वेळी आम्हीही गप्प राहिलो. ज्या गावच्या नाटककाराने तेजस्विनी लिहिली, त्या गावात तरी आम्ही बोलायला हवे होते.