तालुक्याच्या जुन्या पेठेत घर घेताय? इसार देण्याआधी एवढं बघून घ्या

परभणी : मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसांचा दवाखाना आणि रोजचा बाजार यासाठी गावाकडची बरीच कुटुंबं तालुक्याच्या ठिकाणी घर बघायला लागली आहेत. बहुतेकांची नजर आधी बायपासच्या प्लॉटिंगकडे जाते. पण सेलू, गंगाखेड, मानवत, जिंतूर, पूर्णा किंवा परभणीच्या जुन्या भागात, म्हणजे बाजारपेठेला लागून असलेल्या गल्ल्यांमध्येही घरं विक्रीला असतात. तिथं सगळं पायी जाण्यासारखं असतं. मात्र जुन्या घरांची कागदपत्रं गुंतागुंतीची असतात. एकरभर जमीन विकून आलेला पैसा एका चुकीच्या सहीने अडकू शकतो. म्हणून इसार देण्याआधी काय तपासायचं, ते क्रमाने देत आहोत.

पायी जाण्याचा फायदा किती?

समजा, बायपासवरचं घर बाजारापासून ४ किलोमीटर आहे. दिवसातून दोन खेपा झाल्या तर जाऊन-येऊन १६ किलोमीटर, महिन्याला ४८० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर साडेनऊ लिटर पेट्रोल, म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. घरात दोन गाड्या असतील तर दुप्पट. शिवाय ज्यांना गाडी चालवता येत नाही, ती म्हातारी माणसं आणि लेकरं दुसऱ्यावर अवलंबून राहतात, तो हिशेब वेगळाच.

घर बघायला गाडीवर जाऊ नका. त्या घरापासून शाळा, बसस्थानक, दवाखाना, मेडिकल, किराणा आणि भाजीबाजार इथपर्यंत स्वतः चालून बघा. १० ते १५ मिनिटांत पोहोचलात तर जागा सोयीची. एकदा सकाळी, एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एकदा रात्री ९ नंतर जा. रस्त्यावर दिवे आहेत का, नाली उघडी आहे का, अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीत शिरेल का, हे तेव्हाच कळतं.

रेल्वेचं गणितही तालुक्याप्रमाणे बदलतं. परभणी, पूर्णा, सेलू आणि गंगाखेडला शहरातच स्टेशन आहे. मानवतचं स्टेशन, मानवत रोड, शहरापासून लांब आहे. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालमला शहरात रेल्वे नाही, तिथं बसस्थानकापासूनचं अंतर मोजा.

मालक नक्की कोण?

सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. घरपट्टीची पावती किंवा कर आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कोण भरतो एवढंच सांगतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चंही तसंच.

• शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड, भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.
• घर सर्व्हे नंबरच्या जमिनीवर असेल तर सातबारा, सगळे फेरफार आणि अकृषिक परवानगी, म्हणजे एनए, बघा. गुंठेवारीतलं घर असेल तर ते नियमित करून घेतल्याचा दाखला मागा.
• वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेत सूची क्रमांक २ तुम्हालाही बघता येते.

जुन्या घरावर बऱ्याचदा आजोबांचंच नाव असतं. चार भाऊ, तीन बहिणी वारस असतात आणि विकायला एकच भाऊ येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुस्लिम कुटुंबातही बहिणीचा आणि विधवेचा वाटा असतोच. म्हणून वारसांची पूर्ण यादी घ्या आणि सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्रावर घ्या. "बहिणी काही म्हणणार नाहीत," या तोंडी बोलण्यावर पैसे देऊ नका.

मराठवाड्यातली खास अडचण

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. तसे असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. इनामी जमिनीवरच्या वस्त्याही आपल्याकडे बऱ्याच आहेत. खिदमतमाश इनाम हे देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेलं असतं, ते खाजगी मालकीसारखं विकता येत नाही. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. जागा वक्फच्या नोंदीत आहे का, हेही विचारून घ्या. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

घरात किंवा खालच्या दुकानात जुना भाडेकरू असेल तर सावध व्हा. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्याला काढायची जबाबदारी विकणाऱ्यावर ठेवा आणि ताबा मोकळा मिळाल्यावरच शेवटची रक्कम द्या.

रस्ता रुंदीकरण आणि पूररेषा

नगरपालिकेत, परभणी शहरात असाल तर महापालिकेत, विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. बाजारपेठेतले रस्ते आराखड्यात जास्त रुंद दाखवलेले असतात. तुमच्या घराचा पुढचा भाग रुंदीकरणात जाणार असेल तर नव्याने बांधताना तेवढी जागा सोडावी लागते. २० फुटांच्या घरातले ६ फूट गेले तर काय उरतं, याचा विचार भाव ठरवण्याआधी करा.

गंगाखेडला गोदावरी, पूर्णेला पूर्णा नदी. नदीकाठच्या भागात निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. शेजारच्या जुन्या माणसाला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा, भिंतीवर खूणसुद्धा सापडेल.

माळवदाचं घर : भिंती तपासा

जुन्या पेठेत दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद अशी घरं अजून आहेत. उन्हाळ्यात ती थंड राहतात हे खरं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छताच्या, मातीत बांधलेल्या घरांखाली हजारो माणसं गेली. १० जुलै २०२४ ला शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले होते. म्हणून इंजिनिअरला घर दाखवल्याशिवाय सौदा करू नका.

• भिंत फुगलेली आहे का, कोपऱ्यात तिरपी चीर आहे का?
• सागवानी खांब-तुळयांना वाळवी आहे का? वर चढून छताला ओल आहे का?
• काळ्या मातीवरचं बांधकाम उन्हाळ्यात-पावसाळ्यात हलतं, पायाजवळच्या भेगा बघा.
• शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का? पाडून बांधायचं झालं तर त्याची संमती लागेल. पन्हाळ्याचं पाणी कुठं पडतं, खिडकी कुणाच्या जागेत उघडते, तेही बघा.

नळाला किती दिवसाआड पाणी येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे मालकाला नाही, शेजारणीला विचारा.

पैसे कसे द्यायचे?

१. इसार पावती कच्च्या चिठ्ठीवर नको. नोंदणीकृत साठेखत करा. त्यात चतुःसीमा, क्षेत्रफळ, मुदत आणि व्यवहार मोडला तर पैसे कधी परत मिळतील ते लिहा.
२. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. हरकत असणारा वारस किंवा सावकार तेव्हाच पुढे येतो.
३. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. पैसे बँकेतूनच द्या. व्यवहार मोडला तर कागदावर लिहिलेलीच रक्कम मागता येते.
४. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो.
५. मुद्रांक शुल्क शहराप्रमाणे पाच-सहा टक्क्यांच्या घरात जातं. रेडीरेकनरचा भाव आणि ठरलेली किंमत यात जी जास्त, तिच्यावर ते लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, म्हणजे २० लाखांवर २० हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही.

नोटरीच्या बॉन्डवर किंवा नुसत्या मुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. सह्या झाल्यावर दस्त ४ महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे हजर करावा लागतो.

कर्ज काढणार असाल तर बँकेला आधीच विचारा. मातीच्या घरावर आणि पीआर कार्ड नसलेल्या जागेवर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज सवलत आहे, पण गावात कुटुंबाच्या नावावर पक्कं घर असेल तर ती मिळत नाही.

खरेदीखत झालं म्हणजे संपलं नाही

पीआर कार्डावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार करून नाव लावून घ्या. नगरपालिकेत घरपट्टी आणि नळपट्टी नावावर करा, त्याआधी जुनी थकबाकी विकणाऱ्याकडून भरून घ्या. महावितरणचं मीटर नावावर करा. मूळ खरेदीखत, त्यामागचे जुने दस्त आणि सगळ्या पावत्या एका फाईलमध्ये ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

सर्च रिपोर्ट, इंजिनिअर आणि जाहीर सूचना यांचा सगळा खर्च घराच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच इसार द्या," असं कुणी म्हणालं तर कागद हातात येईपर्यंत थांबा. जो मालक कागद दाखवायला टाळाटाळ करतो, त्याचं घर कितीही मोक्याच्या जागी असलं तरी सोडून द्या.