अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार : शिशुवयातील पूर्वलक्षणे

वयाला आणि विकासाच्या टप्प्याला न साजेशी लक्षाची उणीव, अतिचंचलता व आवेगशीलता, म्हणजे विचार होण्याआधीच कृती घडून जाणे, ही लक्षणे दीर्घकाळ टिकून मुलाच्या शिकण्यात, खेळण्यात आणि इतरांशी जुळवून घेण्यात अडथळा आणतात, तेव्हा त्या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार म्हणतात. व्यवहारात त्यासाठी ‘एडीएचडी’ हे लघुरूप रूढ आहे. हा चेताविकासात्मक, म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळातच मूळ धरणारा विकार आहे. त्याचे निदान बहुधा शालेय वयात होत असले, तरी काही मुलांमध्ये त्याच्या खुणा एक ते तीन वर्षांच्या शिशुवयातच दिसू लागतात. परंतु चंचलता हा या वयातील निरोगी मुलाचाही स्वभावधर्म असल्यामुळे त्या खुणा ओळखताना दुर्लक्ष आणि घाई हे दोन्ही दोष टाळावे लागतात.

इतिहास : ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धी सर्वसाधारण असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. बर्लिनमधील फ्रांट्स क्रामर व हान्स पोल्नो यांनी 1932 मध्ये अशा अस्वस्थ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही अस्वस्थता बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रकट होते, असे नोंदविले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत 1968 मध्ये भर अतिचंचलतेवर होता. 1980 च्या आवृत्तीत लक्षाच्या उणिवेला प्राधान्य मिळाले आणि 1987 मध्ये दोहोंना सामावणारे आजचे नाव स्वीकारले गेले.

कारणे : जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 ते 80 टक्के मानला जातो. अकाली जन्म, जन्मतः कमी वजन, गरोदरपणातील तंबाखू व मद्याचा संपर्क आणि शरीरात शिशाचा शिरकाव यांचाही त्याच्याशी संबंध आढळतो. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात या मुलांच्या मेंदूचे बाह्यक, विशेषतः आवर घालण्याचे व लक्ष टिकविण्याचे काम करणारा कपाळामागील भाग, इतर मुलांच्या तुलनेत काही वर्षे उशिरा परिपक्व होत असल्याचे दिसले. म्हणून ‘लाडाने बिघडला’ किंवा ‘आईचा धाक नाही’ असे म्हणून पालकांना दोष देणे निराधार ठरते. साखर खाल्ल्याने हा विकार होतो, या समजुतीलाही शास्त्रीय आधार मिळालेला नाही.

पूर्वलक्षणे : शिशुवयात अतिचंचलता व आवेगशीलता अधिक ठळकपणे दिसतात. असे मूल जेवताना दोन घासही एका जागी बसून घेत नाही, कडेवर घेतले तरी सतत निसटू पाहते, ओट्यावर किंवा खिडकीच्या गजांवर पुन्हा पुन्हा चढते, गरम भांड्याचा चटका बसूनही पुन्हा तेथेच हात घालते आणि रस्त्यावर हात सोडवून धावत सुटते. परिणामी पडणे, खोक पडणे असे अपघात त्याच्या बाबतीत वारंवार घडतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याला फारच जड जाते, त्यामुळे इतर मुलांना ढकलणे किंवा त्यांचे खेळणे हिसकावणे नेहमीचे होते. लक्षाची उणीव खेळातून ओळखू येते : ठोकळे, भातुकली, चित्रांचे पुस्तक असे एकेक हाती घेऊन मूल क्षणात टाकून देते आणि समवयस्क मुले जेवढा वेळ गोष्टीत रमतात तेवढा वेळ रमत नाही. झोप उशिरा लागणे, तीव्र व लवकर न शमणारा आक्रस्ताळेपणा आणि बोलणे उशिरा सुरू होणे याही गोष्टी काही मुलांत सोबत आढळतात, मात्र त्या एकट्याने या विकाराच्या निदर्शक नसतात. मोबाइल किंवा दूरचित्रवाणीसमोर मूल तासभर स्थिर बसते, यावरून विकार नसल्याचे ठरत नाही, कारण तेथे सतत बदलणारी दृश्ये लक्ष ओढून धरतात. मुलाला ते स्वतःच्या प्रयत्नाने टिकवावे लागत नाही.

स्वाभाविक चंचलतेपासून भेद : कोणतेही एक लक्षण निर्णायक नसते. लक्षणांची तीव्रता समवयस्क मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे का, ती निदान सहा महिने टिकली आहेत का, घर, पाळणाघर आणि नातेवाइकांचे घर अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात का आणि त्यांमुळे मुलाच्या सुरक्षिततेला किंवा विकासाला बाधा येते का, या चार प्रश्नांची उत्तरे एकत्रितपणे पाहावी लागतात. समवयस्क मुलांशी अशी तुलना करण्यासाठी वय मोजताना, बाळ अकाली जन्मलेले असल्यास तेही ध्यानात घ्यावे लागते. ऐकू कमी येणे, नाकामागील ग्रंथी वाढल्याने झोपेत श्वास अडखळणे, लोहाची कमतरता, भाषाविकासातील विलंब, स्वमग्नता, अपुरी झोप आणि घरातील ताणतणाव यांतूनही अशीच लक्षणे उद्भवू शकतात. त्यामुळे श्रवणतपासणीसह संपूर्ण वैद्यकीय तपासणी हे पहिले पाऊल असते.

निदान : रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या चित्रणाने हा विकार सिद्ध होत नाही, पालकांची व शिक्षकांची निरीक्षणे आणि तज्ज्ञांनी केलेली पाहणी यांवरच निदान आधारलेले असते. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना चार वर्षे व त्यापुढील मुलांसाठी आहेत. त्याआधीच्या वयात लक्षणे झपाट्याने बदलतात आणि अनेक मुलांत ती ओसरतात, म्हणून तीन वर्षांच्या आतील मुलावर विकाराचा शिक्का मारण्यापेक्षा ठरावीक अंतराने त्याची पुन्हा तपासणी करणे इष्ट मानले जाते.

साहाय्य : निदान लांबले तरी साहाय्य लांबविण्याचे कारण नसते. लहान वयात औषधाऐवजी पालक-प्रशिक्षणास अग्रक्रम दिला जातो. त्यात एका वेळी एकच छोटी सूचना नजरेला नजर देऊन करणे, योग्य वागणुकीचे तत्काळ व नेमके कौतुक करणे, दिनक्रम ठरावीक ठेवणे आणि मारझोड टाळणे या गोष्टी पालकांना सरावाने शिकविल्या जातात. मोकळ्या जागेतील भरपूर खेळ आणि पुरेशी झोप यांचाही उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा.

भारतात 2013 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश असून फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी करतात आणि आवश्यक तेव्हा त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवितात. अशा तपासणीच्या वेळी मूल केव्हा, कोठे आणि कशा प्रसंगी अनावर होते, याची पालकांनी व अंगणवाडी सेविकेने तारीखवार ठेवलेली साधी नोंद तज्ज्ञांना अतिशय उपयोगी पडते, कारण थोडा वेळ चालणाऱ्या तपासणीत जे दिसत नाही, ते तीत सापडते.