तीन पायांचं बिडाचं भांडं

दक्षिण आफ्रिकेत पॉइकीकॉसच्या स्पर्धा भरतात. तिथे परीक्षकांपेक्षा आजूबाजूचे बघेच जास्त डोळ्यांत तेल घालून पहारा देतात, कारण या पाककृतीत पळीला मज्जाव असतो. मांस आधी चांगलं लाल होईस्तोवर परतायचं. मग त्यावर कांदा, गाजर, बटाटा आणि सगळ्यात वर लवकर शिजणारी भाजी असे थर लावायचे. जेमतेम कपभर पाणी किंवा वाइन घालून झाकण ठेवलं की पुढचे तीन-चार तास आत काही खुपसायचं नाही. थर मोडले की नुसता रस्सा झाला, पॉइकी राहिली नाही, असं जाणते छातीठोकपणे सांगतात. आचेचा अंदाज कानानं घेतात. झाकणाजवळ कान नेला की बारीक रटरट ऐकू यायला हवी. खळखळ ऐकू आली तर दोन निखारे बाजूला ओढायचे.

पॉइकी हे मुळात भांड्याचं नाव. हे भांडं बिडाचं, गोल पोटाचं, तीन पायांचं. त्याला चुलीची गरज नाही, ते निखाऱ्यांतच उभं राहतं. जड बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की सहजी निवत नाही, त्यामुळे वाऱ्यानं आच कमीजास्त झाली तरी आतल्या मांसाला त्याचा पत्ता लागत नाही. वाफ जड झाकणाला लागून थेंबाथेंबानं परत खाली पडते. म्हणूनच या भांड्यात महागडं मांस घालण्यात अर्थ नाही. बैलाच्या शेपटीचे तुकडे, मेंढीची मान, पायाची नळी असले चिवट भाग तासन्‌तास मंद आचेवर राहिले की त्यांतले स्नायुबंध विरघळतात आणि रस्सा ओठांना चिकटण्याइतका दाट होतो.

हा सगळा प्रकार म्हणजे बैलगाड्यांतून देश पालथा घालणाऱ्या डच वंशाच्या बोअर पूर्वजांचा वारसा, असं तिथे मोठ्या अभिमानानं सांगतात. गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी जास्त रंगतदार आहे.

सांगणारे सुरुवात थेट हॉलंडपासून करतात. १५७४ साली स्पॅनिश सैन्यानं लायडन शहराला वेढा घातला होता. ३ ऑक्टोबरला वेढा उठला आणि स्पॅनिशांच्या सोडून दिलेल्या छावणीत एका पोरक्या मुलाला मांस-भाजीनं भरलेलं भांडं सापडलं, अशी आख्यायिका आहे. लायडनचे लोक अजूनही त्या तारखेला ‘हुत्स्पॉट’ हा गाजर-कांदा-बटाट्याचा पदार्थ मांसाबरोबर खातात. बटाटा त्या काळी हॉलंडच्या ताटात आलेलाच नव्हता, तेव्हा मूळ भांड्यात काय होतं याबद्दल फार खोलात न गेलेलं बरं. शिवाय युरोपात तेव्हा चांगली भांडी म्हणजे पितळेची किंवा काशाची. ती महाग असत, आणि गरिबाला परवडेल असं बिडाचं हलकं भांडं ओतणं भल्याभल्यांना जमत नव्हतं.

ते जमवलं एका इंग्रजानं, तेही डच कारागिरांना हाताशी धरून. अब्राहम डार्बी हा क्वेकर पंथाचा उद्योजक ब्रिस्टलमध्ये पितळेच्या धंद्यात होता. १७०४ च्या सुमारास तो हॉलंडला जाऊन तिथली ओतकामाची पद्धत पाहून आला. मातीच्या साच्याऐवजी वाळूचा साचा वापरून बिडाची पोटदार भांडी ओतायचे प्रयोग त्यानं सुरू केले. बरेच दिवस काही हाती लागेना. शेवटी जॉन थॉमस नावाच्या वेल्श उमेदवार कामगाराच्या मदतीनं ते साधलं आणि १७०७ साली डार्बीनं त्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांत कोलब्रुकडेल इथे त्यानं लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवून दाखवलं. या लोखंडाचा रस पातळ असे आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट पसरे, त्यामुळे भांड्याची भिंत पातळ ओतता येऊ लागली. शाळेच्या पुस्तकांत डार्बी भेटतो तो औद्योगिक क्रांतीचा आद्य पुरुष म्हणून. त्याचा रोजचा गल्ला मात्र स्वयंपाकाच्या भांड्यांवर चाले, हे सहसा कुणी सांगत नाही. पॉइकी हातात घेऊन नीट पाहिली तर पोटावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उंच रेघ लागते. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे जुळले, तिथला तो सांधा.

भांड्याचं हे झालं, आता स्वयंपाकाचं. १६५२ मध्ये यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपला उतरला तेव्हा तिथे स्वयंपाक काही नव्यानं सुरू व्हायचा नव्हता. खोईखोई लोक गाईगुरं आणि जाड शेपटीच्या मेंढ्या पाळून होते. त्या शेपटीची चरबी पुढे कितीतरी वर्षं केपच्या घराघरांत तुपातेलाच्या जागी वापरली गेली. सहा वर्षांत गुलामांची जहाजं येऊ लागली. त्यांत मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियातली बेटं इथली माणसं होती, तशीच बंगालची, मलबारची आणि कोरोमंडल किनाऱ्याचीही. कंपनीच्या घरांतली चूल याच लोकांच्या हाती होती. मेंढीचं मटण, कांदा आणि एखादी भाजी तिच्या अंगच्या रसात मंद शिजवायची, ही ‘ब्रेडी’ त्यांच्या हातून घडली. टोमॅटोची ब्रेडी सगळीकडे होते. तळ्यात उगवणाऱ्या पाणफुलांच्या कळ्यांची ब्रेडी मात्र केपच्या बाहेर फारशी भेटत नाही. लुई लायपोल्ट हा आफ्रिकान्स कवी पेशानं डॉक्टर आणि खाण्याचा दर्दी. केपच्या स्वयंपाकावर लिहिताना त्यानं या गुलामांच्या वंशातल्या मलाय स्वयंपाकिणींचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे. पॉइकीचं ‘झाका आणि विसरा’ हे तंत्र ब्रेडीच्या इतकं जवळचं आहे, की बोअर वारसा सांगणाऱ्यांनी आधी त्या स्वयंपाकघराला रामराम करायला हवा.

मग बैलगाड्या. १८३५ च्या सुमारास इंग्रजी अमलाला कंटाळून हजारो बोअर कुटुंबं केप सोडून उत्तरेला निघाली. गाडीच्या तळाशी अडकवलेली भांडी, वाटेत मारलेली हरणं आणि रानकोंबड्या, मुक्कामाला पेटवलेली धुनी हे चित्र खोटं नाही. मात्र त्या तांड्यांत बोअरांबरोबर काळे आणि मिश्रवंशीय नोकरही मोठ्या संख्येनं होते. पाणी, लाकूडफाटा, चूल या कामांत त्यांचे हात होते आणि पुढे स्मारकांवर त्या हातांना फारशी जागा मिळाली नाही. शंभर वर्षांनी, १९३८ साली, या प्रवासाची आठवण म्हणून पुन्हा बैलगाड्या काढल्या गेल्या. केपहून निघालेल्या गाड्या १६ डिसेंबरला प्रिटोरियात पोचल्या आणि तिथे मोठ्या स्मारकाचा पाया घातला गेला. बैलगाडी आणि तिच्याबरोबरची प्रत्येक वस्तू पूज्य झाली ती खऱ्या अर्थानं तेव्हापासून.

दरम्यानच्या काळात तेच भांडं दुसऱ्या वाटेनंही देशभर पसरत होतं. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क परिसरातले आणि इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचचे ओतकाम कारखाने आफ्रिकेच्या बाजारासाठी तीन पायांची भांडी ओतत आणि ती व्यापाऱ्यांच्या दुकानांतून गावोगाव जात. तिथल्या बायका त्याआधी मातीच्या मडक्यांत शिजवत. बिडाचं भांडं पडलं तरी सहसा फुटत नाही, हे लक्षात आल्यावर ते घराघरांत शिरलं. मक्याच्या पिठाचं घट्ट ‘पाप’, खोसा लोकांचा मका-घेवड्याचा ‘उम्न्गुशो’, लग्नामयताला कापलेल्या बैलाचं मांस, सगळं त्यात. इथे थरबिर काही नाहीत. उलट पाप घोटायचं तर लाकडी दांडा घेऊन दंडातला जीव जाईस्तोवर ढवळावं लागतं.

गोऱ्यांच्या शहरी घरांत विजेच्या शेगड्या आल्या, तसं हे भांडं मागच्या अंगणात गेलं. कुठे त्यात फुलझाडं लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात ते पुन्हा बाहेर निघालं. पुस्तकं आली, स्पर्धा सुरू झाल्या, आणि पळी न घालण्याचा नियम जणू पिढीजात असल्याच्या थाटात सांगितला जाऊ लागला. आजची पॉइकी आणि तिचे रीतिरिवाज ही बरीचशी या काळातली घडण आहे, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

भांडी क्रमांकानं विकली जातात. साधारण आठ लिटरचं तीन नंबरचं भांडं घरगुती जेवणाला पुरतं. समारंभाची भांडी वीस-पंचवीस नंबरची, दोघांशिवाय उचलत नाहीत अशी. नवं भांडं घासून, भाजीच्या साली उकळून, तेल चोळून पुन्हा तापवतात. तेलाचा काळा लेप धरला की मगच त्यात मांस पडतं. आपल्याकडे घावनांच्या तव्याला जशी परकी घासणी लावू देत नाहीत, तशी तिथेही जुनी पॉइकी पाहुण्यांना घासू देत नाहीत.

केपटाउनमधला एक समाज आपल्या ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आजच्या रायगडमधून कोकणी मुसलमान तिथे गेले, दुकानं घातली, मलाय कुटुंबांशी सोयरिकी जोडल्या. ब्रेडी आणि कोकणी मटण एकाच घरात शिजू लागलं ते असं.

१९९५ पासून २४ सप्टेंबर ही तिथे ‘वारसा दिना’ची सुट्टी आहे. झुलू लोक त्या तारखेला राजा शाकाचं स्मरण करत. नव्या सरकारनं सुट्ट्यांच्या यादीतून शाकादिन वगळल्यावर झुलूंच्या इन्काथा पक्षानं आवाज उठवला, आणि तडजोड म्हणून सगळ्यांचाच वारसा दिन ठरला. पुढे मांस भाजण्याच्या हौशी मंडळींनी हाच दिवस ‘राष्ट्रीय ब्राय दिन’ म्हणून गाजवायला घेतला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे पाठीराखे झाले. शाकाचं नाव बाजूला पडून सॉसेजचं नाव पुढे आलं म्हणून काही जण नाराज झाले, ती नाराजी अजून पुरती गेलेली नाही. तरी त्या दिवशी प्रिटोरियाच्या बंगल्यात तीन नंबरच्या भांड्यात शेपटीचे तुकडे शिजतात आणि क्वाझुलु-नाताळच्या गावात पंचवीस नंबरच्या भांड्यात बैलाचं मांस.