शॅमेलिऑनचे प्रजनन : छंदाआधी जबाबदारीचा हिशेब

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतला सरडा म्हणजे आपल्या बागेतला चपळ सरडा. विणीच्या हंगामात नराचे डोके व मान लालसर होत असल्याने ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गृहसंकुलांत पुष्कळदा त्यालाच ‘शॅमेलिऑन’ समजले जाते. खरा शॅमेलिऑन, म्हणजेच मराठीतील घोयरा, हा निराळा प्राणी आहे. एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे, फांदीला विळखा घालणारी शेपटी, चिमट्यासारखे पाय, लांबवर झेपावणारी जीभ आणि अत्यंत मंद चाल ही त्याची लक्षणे होत. त्याच्या परदेशी जाती पाळण्याचा छंद आता शहरांतही दिसू लागला आहे. नर-मादीची जोडी घरी आली की पिल्लांची हौस उत्पन्न होते. मात्र ही हौस पुरी करण्यापूर्वी कायदा, हवामान आणि पिल्लांचे भवितव्य या तिन्हींचा विचार होणे आवश्यक आहे.

देशी घोयरा पाळता येत नाही

भारतात आढळणारा घोयरा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. मग प्रजननाचा हेतू कितीही चांगला असो. घोयरा कोठे आढळल्यास अथवा जखमी असल्यास वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

परदेशी जातींचीही आता नोंद करावी लागते. छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या येमेन-सौदी अरेबियातील ‘व्हेल्ड’, मादागास्करमधील ‘पँथर’ आणि पूर्व आफ्रिकेतील तीन शिंगांचा ‘जॅक्सन’ या तिन्ही जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी भारतीय कायद्यात आल्या व त्या १ एप्रिल २०२३पासून लागू झाल्या. फेब्रुवारी २०२४मधील नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मरण पावला, तर तेही कळवावे लागते. म्हणजे अंड्यातून बाहेर येणारे प्रत्येक पिल्लू ही कायद्याच्या दृष्टीने एक नवी नोंद असते.

हा प्रश्न या परिसरापासून दूरचा नाही. २०२५मध्ये डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतील एका सदनिकेतून वनविभागाने ओरांगउटानच्या पिल्लासह अनेक विदेशी प्राणी ताब्यात घेतले होते. त्यामुळे विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील, तर तो प्राणी कितीही देखणा असला तरी घेऊ नये. चोरट्या मार्गाने आलेल्या प्राण्यांचे प्रवासात अतोनात हाल होतात आणि त्या जोडीपासून पिल्ले काढणे म्हणजे त्याच व्यापाराला हातभार लावणे होय.

जोडीची निवड

शॅमेलिऑन हा एकलकोंडा प्राणी आहे. नर-मादीला कायम एका पिंजऱ्यात ठेवल्यास दोघांनाही ताण येतो. मिलनापुरतेच एकत्र आणून नंतर वेगळे करावे. व्हेल्ड जातीची मादी अवघ्या चार-सहा महिन्यांत वयात येत असली, तरी वर्षभराची होऊन अंगाने भरेपर्यंत तिचे मिलन टाळणे हिताचे. मादीने अंग गडद करून तोंड वासले, तर तो नकार समजून नराला ताबडतोब दूर करावे. पँथर शॅमेलिऑनच्या वेगवेगळ्या प्रदेशांतील रंगप्रकारांचा संकर करू नये. एकाच मातेच्या पिल्लांची जोडीही लावू नये.

रंग हा आजूबाजूच्या वस्तूंची नक्कल नसून प्राण्याची भाषा आहे. जीनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५मध्ये पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने हे रंग पालटतात. सतत काळवंडलेला प्राणी बहुधा थंडी, भीती किंवा आजार सांगत असतो. अशा मादीचे मिलन करू नये.

अंडी आणि ठाण्याचा उन्हाळा

व्हेल्ड मादी एका वेळी साधारण २० ते ७० अंडी घालते. भरपूर खाऊ घातल्यास हा आकडा वाढतो आणि मादीचे आयुष्य घटते. म्हणून प्रौढ मादीचा आहार माफक ठेवावा. नराची गाठ न पडताही ती निष्फळ अंडी घालते. तिला सुमारे एक फूट खोल ओलसर माती-वाळूचे भांडे हवे असते. जागा मनासारखी न मिळाल्यास अंडी पोटातच अडतात आणि मादी दगावते. बहुतेक दवाखान्यांतील रुग्ण कुत्री-मांजरे असल्याने सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवणे श्रेयस्कर.

ही अंडी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात सहा ते नऊ महिन्यांनी फुटतात. येथेच स्थानिक हवामान आडवे येते. ऑक्टोबरमध्ये घातलेल्या अंड्यांना कल्याण-डोंबिवलीतील एप्रिल-मेचा उकाडा सोसावा लागतो. जूनच्या अखेरीस घातलेली अंडी मात्र बहुधा डिसेंबर ते मार्च या काळात फुटतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे बुरशीचे भय असते, म्हणून काचेच्या बंद पेटीपेक्षा जाळीचा, हवा खेळती ठेवणारा पिंजरा बरा. जॅक्सन ही पर्वतीय थंड हवेतील जात थेट पिल्लांना जन्म देते, पण किनारपट्टीजवळच्या उष्म्यात तिचा निभाव लागणे अवघड आहे.

पन्नास पिल्लांचे काय?

खरी कसोटी पिल्ले बाहेर आल्यावर लागते. त्यांना दिवसातून दोनदा फळमाश्या व रातकिड्यांची बारीक पिल्ले, किड्यांवर भुरभुरलेले कॅल्शियमचे चूर्ण, पानांवर फवारलेले पाणी आणि अतिनील-बी किरणांचा दिवा लागतो. हे किरण न मिळाल्यास हाडे ठिसूळ होऊन वाकतात. सोसायटीत कीटकनाशकांची फवारणी होत असल्याने आवारात पकडलेले किडे खाऊ घालणे घातक ठरते. पिल्ले वाढू लागली की एकमेकांना चावतात. मग त्यांना वेगळे ठेवावे लागते. पन्नास पिल्ले म्हणजे काही महिन्यांत पन्नास पिंजरे, हा हिशेब दोन-तीन खोल्यांच्या घरात बसत नाही.

अशा वेळी ‘येऊरच्या जंगलात सोडून देऊ’ हा विचार सर्वांत घातक होय. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. परका प्राणी तेथे उपासमारीने मरतो, अन्यथा तग धरून स्थानिक जिवांवर ताव मारतो. हवाई बेटांवर १९७२मध्ये पाळण्यासाठी आणलेले जॅक्सन शॅमेलिऑन मोकळे झाले आणि आज ते तेथील दुर्मीळ गोगलगायी व कीटक फस्त करीत आहेत.

म्हणूनच मिलनापूर्वीच किती पिल्ले सांभाळता येतील, उरलेली कोणाकडे जातील आणि त्यांच्याकडे जागा, ज्ञान व नोंदणीची तयारी आहे का, हे ठरलेले असावे. उत्तरे मिळत नसतील, तर नर-मादीची भेट घडवू नये. मादीने फलित अंडी घातलीच, तर ती उबवायला ठेवू नयेत. एकच शॅमेलिऑन त्याच्या पूर्ण आयुष्यभर उत्तम सांभाळणे हेही प्रजननाइतकेच मोठे काम आहे, आणि बहुतेक शहरी घरांना तेच झेपणारे आहे.