प्रश्न कुणाचा, हित कुणाचं?

विरोधी पक्षातल्या खासदाराच्या हातात काय असतं? फाइल त्याची नसते, खातं त्याचं नसतं, बहुमत तर नसतंच. त्याच्या हाती असतो प्रश्न. म्हणून अशा खासदाराचं काम तपासायचं म्हणजे त्याचे प्रश्न तपासायचे, असं आपण सहज म्हणतो. पण इतिहास सांगतो की एवढ्याने भागत नाही. प्रश्नामागे कुणाचं हित उभं आहे, तेही बघावं लागतं. या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि त्या शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.

आधी 1951 सालाकडे जाऊ. हंगामी संसदेत एच. जी. मुदगल हे मुंबईचे सदस्य होते. काँग्रेसचेच, विरोधी पक्षाचे नव्हेत. मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांनी सभागृहात प्रश्न विचारले, दुरुस्त्या सुचवल्या, असा आरोप होता. खुद्द नेहरूंनी चौकशी समितीचा ठराव मांडला. दोष सिद्ध झाला आणि हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असताना मुदगलांनी राजीनामा दिला. कामाची वही पाहिली असती तर हे सदस्य मेहनती दिसले असते! गडबड दुसऱ्या वहीत होती, आणि ती वही तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

आता मधू लिमये घ्या. जन्म पुण्याचा, पण लोकसभेत निवडून गेले बिहारमधून. 1964 च्या पोटनिवडणुकीत मुंगेरहून, पुढे 1973 मध्ये बांकाहून. त्यांची कामाची वही भरगच्च आहे. सभागृहाचे नियम कोळून प्यायलेला हा माणूस. पुरवणी प्रश्नाला उभा राहिला की मंत्र्याला तयारीनेच बसावं लागे. 1976 मध्ये आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा ते तुरुंगात होते. जनतेने पाच वर्षांसाठी निवडून दिलं आहे, त्यापुढे एक दिवसही नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. खासदारांना मिळणारं निवृत्तिवेतनही त्यांनी नाकारलं. परंतु त्यांची दुसरी वही आपण वाचतो ती त्यांच्या वागण्यातून. कायद्याने मागितलेला कागद नव्हता. लिमयांसारखी माणसं असतील तर कागद लागत नाही, हे खरं. पण व्यवस्था अपवादावर उभी करता येत नाही ना!

कागद आला तो 2002 नंतर. उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं. तो हक्क कायदा करून आखडता घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा 2003 मध्ये न्यायालयाने तो पुन्हा अबाधित केला. आज उमेदवाराचं शपथपत्र कुणालाही पाहता येतं.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा. मालमत्ता म्हणजे माझ्याकडे काय आहे; हितसंबंध म्हणजे मी कुणाचा बांधील आहे. शपथपत्र मुख्यतः पहिलं सांगतं. दुसऱ्यासाठी राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. कंपनीतलं सशुल्क संचालकपद, मोबदल्याचं नियमित काम, नियंत्रण ठेवता येईल इतके शेअर्स, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम, अशा पाच बाबी तीत लिहाव्या लागतात.

आणि नुसती मोजदाद फसवते कशी, ते 2005 ने दाखवलं. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. 23 डिसेंबरला लोकसभेने दहा आणि राज्यसभेने एक अशा साऱ्यांची हकालपट्टी केली. त्यातले सहा तेव्हाच्या मुख्य विरोधी पक्षाचे होते. दोघे आपल्या महाराष्ट्रातले. संख्येच्या तक्त्यात त्यांचा विकतचा प्रश्न आणि दुसऱ्या कुणाचा कळकळीचा प्रश्न, दोन्ही एकेकच मोजले जाणार. हजेरीचंही तसंच. मंत्र्यांना आणि विरोधी पक्षनेत्याला हजेरीपटावर सही करावी लागत नाही. तिथे आकडा काय सांगणार?

कुणी म्हणेल, सत्ताधाऱ्यांना सोडून विरोधकांचीच झडती का? रास्त शंका आहे. मंत्र्यांची तपासणी तर व्हायलाच हवी. ते काम विरोधकाने करायचं असतं. म्हणूनच त्याचा प्रश्न निर्मळ लागतो. तो विकतचा निघाला की मंत्र्याला उत्तर देण्याचीही गरज उरत नाही. आणि विरोधकाची झडती फक्त सरकारने घ्यायची ठरली, तर ती त्याचं तोंड बंद करण्याचं हत्यार बनू शकते. ती मतदाराने, उघड कागदांवरून घ्यायला हवी.

तेव्हा एक करू या. आपल्या खासदाराचे एका अधिवेशनातले प्रश्न काढू. शेजारी त्याचं शपथपत्र ठेवू. कुठल्या उद्योगाबद्दल तो वारंवार विचारतो, कुठल्या विषयावर गप्प बसतो, आणि त्याचे पैसे कुठे गुंतले आहेत, एवढं जुळवून पाहू. जुळलं म्हणजे गुन्हा झाला असं नव्हे. शेतकरी खासदार शेतीबद्दल विचारणारच. पण मग आपल्याला त्याला एक प्रश्न विचारता येतो. प्रश्न विचारणं ही काही फक्त खासदाराची मिरासदारी नाही.