माघी चतुर्थीला हिंदुराव

समजा, १९७६चा फेब्रुवारी आहे. माघी चतुर्थीची जत्रा. सकाळी तुम्ही तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतलंत. आता लेण्याद्रीच्या पायथ्याला टुरिंग टॉकीजच्या तंबूत, पोतं अंथरून मातीवर बसला आहात. डाव्या अंगाला बाया, मागे चार खुर्च्या. खुर्च्यांवर कोण, ते मान वळवून बघू नका. कडक इस्त्रीच्या टोप्या आहेत, एवढं पुरे.

कनातीपलीकडे जनरेटर धडधडतो, पडदा उजळतो. ‘सामना’. जब्बार पटेलांचा पहिलाच सिनेमा, लेखणी तेंडुलकरांची, पैसा उभा केला रामदास फुटाण्यांनी. गेल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तंबूला बर्लिनशी देणंघेणं नाही. निळू फुले दिसले आणि पुढच्या रांगेतून शिट्टी आली. ‘एक गाव बारा भानगडी’तला त्यांचा झेलेअण्णा सगळ्यांच्या ओळखीचा. पण हा हिंदुराव धोंडे पाटील वेगळा. आवाज चढवत नाही. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, पाहुणचारही त्याचाच. शिट्ट्या थांबतात.

तिकडे अमेरिकेत चार-पाच वर्षांपूर्वी ‘शाफ्ट’, ‘सुपर फ्लाय’ हे काळ्या नायकांचे सिनेमे बघायला काळ्या वस्त्यांतली माणसं गर्दी करत होती. पडद्यावर आपला माणूस गोऱ्यांना पुरून उरतो, याचीच चैन होती ती. इथे तसलं काही मिळत नाही. बंदूकवाला नायक नाही. डॉ. लागूंचा मास्तर आहे, दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक. फौजेतून परतलेल्या मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच तो विचारतो. पुन्हापुन्हा विचारतो. मला शाफ्टच्या पिस्तुलापेक्षा हे भारी वाटतं.

आणीबाणी आहे. पेपरवाले शब्द मोजून छापतायत, आणि इथे तंबूत पडद्यावर सहकारसम्राटाच्या राज्यात पडलेला खून चालू आहे.

रीळ संपलं. पडदा पांढरा, मशिनवाला दुसरं रीळ चढवतोय. एरवी अशा वेळी आरडाओरडा होतो. आज शेजारचे बाबा तुमच्या कानाला लागतात, “आपल्याकडं बी आसंच…” आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागच्या खुर्च्यांकडे बघून वाक्य गिळतात.

जरा वेळानं विडी शिलगावून पुन्हा विचारतात, “धरत्याल का ह्याला?”

तुम्हाला शेवट ठाऊक आहे. सांगू नका. त्यांनी तिकिटाचे पैसे मोजलेत.