ऋण आणि ऋणनिर्देश : १८७५ च्या दंग्यांच्या साधनांविषयी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते व आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भागही त्याच तालुक्यात समाविष्ट होता. तत्पूर्वी १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे एका मारवाडी सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर देशमुखाचे घर पाडण्यास आरंभ केला, तेव्हा गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर अधिक होता. खते व हुकूमनामे हाती आले की ते जाळले जात. जेथे ते निमूटपणे दिले गेले तेथे मारहाण सहसा झाली नाही.

कागदांविषयीच्या या रोषाचे कारण त्या कागदांच्या स्वरूपात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे खताची मुदत सामान्यतः तीन वर्षांवर आली. मुदत संपत आली की मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहिले जाई व तीच रक्कम पुढे मुद्दल ठरे. मूळ कर्ज किती, फेड किती झाली, व्याज किती चढले, यांपैकी काहीही शेवटच्या खतावरून कळत नसे. न्यायालयापुढे मात्र तेवढे शेवटचे खत येई व तेच पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाई. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या स्थितीवर दोन उपाय योजिले. खत ग्रामनिबंधकासमक्ष व्हावे, हा एक. आणि न्यायालयाने खतावर न थांबता उभय पक्षांतील व्यवहाराचा आरंभापासून शोध घ्यावा, हा दुसरा.

या दंग्यांविषयीच्या लेखनाची परंपरा पाहिली असता तिलाही असाच शोध आवश्यक आहे, असे दिसून येते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडातील दंग्यांची हकीकत मुख्यतः या अहवालावर आधारलेली आहे. गॅझेटियरवरून ती पाठ्यपुस्तकांत, पाठ्यपुस्तकांवरून मार्गदर्शिकांत व तेथून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत उतरते. प्रत्येक टप्प्यावर जुने खत जाऊन नवे येते. एखाद्या प्रबंधाच्या शेवटी दहा ग्रंथांची नावे असली, तरी त्या दहांचा आधार एकच अहवाल असेल, तर साक्षीदार दहा नसून एकच आहे. ऋणनिर्देश वगळल्याने मूळ लेखकावर अन्याय होतोच. पण त्याहून मोठी हानी ही की, पुराव्याचे खरे वजन वाचकास कळेनासे होते.

या एकमेव साक्षीदाराचीही उलटतपासणी आवश्यक आहे. आयोग सरकारी होता. रयतेच्या जबान्या इंग्रजी रूपात अहवालात आल्या. म्हणजे तेथेही मूळ बोल व वाचक यांच्यामध्ये भाषांतरकार उभा आहे. शिवाय आयोगाचे सदस्य ऑकलंड कोल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपण जोडून सरकारी साऱ्याच्या भाराकडे लक्ष वेधले होते. सारांशावर विसंबणाऱ्याच्या हाती हा मतभेद बहुधा लागत नाही. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये, म्हणजे दंग्यांपूर्वीच, रयतेच्या स्थितीविषयी अहवाल सिद्ध केला होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आयोगाहून भिन्न असे हे साक्षीदार केवळ गॅझेटियर उतरविणाऱ्यास भेटत नाहीत. पुढे रवींदर कुमार यांनी १९६५ मध्ये या दंग्यांचे सामाजिक विवेचन केले, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्यांची व्याप्ती व परिणाम फुगवून सांगितले गेले आहेत, असे प्रतिपादिले. कोणते मत कोणाचे, हे स्पष्ट न करता दोन्ही मते एका परिच्छेदात मिसळली, तर एक वादग्रस्त प्रश्न निर्विवाद सत्य म्हणून वाचकापुढे जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्यास साम्याच्या टक्केवारीनुसार दंड सांगितला आहे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होते. अशा नियमांची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि टक्केवारी शब्दांचे साम्य मोजते, विचाराचे ऋण मोजत नाही. इंग्रजी परिच्छेदाचे मराठी भाषांतर स्वतःच्या विवेचनात आधाराविना घातले, तर तपासणीत साम्य न आढळण्याचाच संभव अधिक. परंतु भाषा बदलल्याने विचाराची मालकी बदलत नाही. तसेच अहवाल न पाहता गॅझेटियरमधील मजकूर घ्यावा व तळटिपेत अहवालाचे पृष्ठ द्यावे, हाही खोटा दस्तऐवजच होय. जे पाहिले त्याचाच आधार द्यावा. दुसऱ्याच्या ग्रंथावरून घेतले असल्यास तसे नमूद करावे. शब्द आपले असले तरी युक्तिवाद ज्याचा, त्याचे नाव लिहावे. मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास या तीन गोष्टींचे महत्त्व विशेष आहे, कारण त्याची बरीचशी साधने अन्य भाषेत आहेत.

शिरूर व भीमथडीच्या कुणब्यास शेवटच्या खतापलीकडे जाण्याचा कायदेशीर मार्ग मिळण्यास १८७९ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच कुणब्याचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकास तो मार्ग प्रथमपासून मोकळा आहे. आपल्या वाचकासही त्या मार्गाने मुळापर्यंत जाता यावे, एवढी व्यवस्था तळटिपेत करून ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे.